बसवलेला पाठ

"चुलीत घालते मी ती कॅसेट!"

"घाल ना. पण चूल हाय कुठं घरात?" सायमन पायातले बूट ओढून काढत म्हणाला. "गॅसवर भाजणार काय, पापडासारखी?"

"मग नदीत टाकते."

"धुणं धुणाऱ्या बायका आणून देतील परत. वर नाव लिवलंय तुझं, हे एवढ्या अक्षरात."

नाव खरोखरच लिहिलेलं होतं. सौ. दीना सायमन वाक्रुळकर, इयत्ता तिसरी, पाण्याची रूपे. टीव्हीच्या डोक्यावर ती काळी कॅसेट दुपारपासून पडून होती आणि दीना त्या खोलीतून जाता-येता तिच्याकडे पाठ करून चालत होती. सायमन धाटावच्या कंपनीतून पहिली शिफ्ट करून आला होता. त्याला चहा हवा होता, भांडण नको होतं. पण चहाचं आधण उकळून उकळून निम्मं झालं तरी भांडण काही उतरायला तयार नव्हतं.

"मम्मी, एकदा बघ तरी," शीरा म्हणाली. "तू न बघताच घाबरतेस."

"मला माहीत आहे त्यात काय आहे ते. मीच होते ना तिथे?"

"मग कशाला घाबरायचं? टाळ्या पडल्या म्हणून तूच सांगत आलीस."

 यावरचं उत्तर नवऱ्याला आणि पोरीला सांगण्याजोगं नव्हतं. तिने चहा गाळला, तो कपाबाहेर सांडला, आणि ते पुसायच्या निमित्ताने ती खाली वाकली. खिडकीशी मोड आलेले वाल सोलत बसलेल्या सासूने, नाओमीने, तेवढ्यात एक वाल तोंडात टाकून विचारलं, "गो दीना, कोन मेलंय का?"

"नाही, आई."

"मग आवाज कमी कर. शेजारी आता कोन ऱ्हायलं नाय, पन सवय हाय म्हनून सांगते."

शेजारची त्यांच्यासारखीच ज्यू घरं एकेक करून इस्रायलला गेली होती. धाकटा दीर आरोनही गेला होता. मागल्या खेपेला येताना त्याने व्हीसीआर आणला. त्यावर घरात आजवर दोन लग्नं आणि एक क्रिकेटची मॅच पाहून झाली होती. आता हे.

*

दीना चोवीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. शेवटची अकरा वर्षं वरसे गावाच्या पलीकडे, टेकडीखालच्या वाडीतल्या दोनशिक्षकी शाळेत. सकाळी रोह्याशेजारच्या अष्टमीतून, घरून निघायचं, जीप मिळाली तर जीप, नाहीतर चालत. तिचं अक्षर मोत्यासारखं, हजेरी चोख, पाठाचं टाचण वर्षाच्या सुरुवातीलाच निम्मं लिहून तयार. तपासणीला साहेब आले की तिच्या वह्या आधी पुढे केल्या जात. पण इतक्या वर्षांत दुसऱ्या एकाही शिक्षकाने तिला पूर्ण तास शिकवताना पाहिलं नव्हतं, आणि तिनेही कुणाला पाहिलं नव्हतं. आपलं दार, आपला फळा, आपली पोरं. स्वयंपाकासारखं. ताट बाहेर येतं ते सगळे बघतात; आत काय जळलं, काय खरवडून काढलं, ते जिचं तिला माहीत.

मग केंद्रप्रमुख नावाचं नवं पद आलं, आणि महिन्याला केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांचं संमेलन भरू लागलं. त्यात दर वेळी एका शिक्षकाने सगळ्यांसमोर आदर्श पाठ घ्यायचा. नावाची चिठ्ठी निघायची. ज्याची निघेल तो घरी जाऊन पाठ बसवायचा.

बसवायचा म्हणजे नाटकासारखा. प्रश्न ठरलेले, उत्तरं ठरलेली, कोणतं उत्तर कुणी द्यायचं तेही ठरलेलं. दीनानेही पंधरा दिवस बसवला. आणि त्यात तिची एक जुनी युक्ती होती, नोकरीच्या पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्या गुरुजींनी शिकवलेली. प्रश्न विचारला की वर्गातल्या प्रत्येक पोराने हात वर करायचाच. ज्याला उत्तर येतं त्याने उजवा, ज्याला येत नाही त्याने डावा. पाहुण्याला दिसतं की सगळा वर्ग हुशार. बाईंनी फक्त उजव्या हाताला उठवायचं. पुढेपुढे पाहुणे नसतानाही तीच सवय पडली. तिच्या वर्गात पाऊल टाकणारा प्रत्येक साहेब हातांचं ते रान पाहून खूश होऊन गेला होता.

या वेळी चिठ्ठी तिची निघाली आणि त्याच वेळी पेणजवळच्या जिते गावचे दिनानाथ सर कॅमेरा घेऊन आले. तिशीचा तरुण शिक्षक, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. पेण आणि रोहा, दोन्हीकडच्या शिक्षकांचा त्याने एक गट केला होता. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या मित्राचा कॅमेरा आणायचा, एकेकाचा पाठ टिपायचा, आणि पेणला सगळ्यांनी मिळून तो बघायचा. मग जे बोलणं होईल ते तो कॉम्प्युटरवर उतरवायचा आणि त्याची फ्लॉपी एसटीच्या कंडक्टरच्या हाती रोह्याला धाडायचा. शीरा ज्या क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकत होती तिथे त्याचे कागद छापून निघत. "उद्या ह्या तारा जोडल्या जातील, बाई," तो म्हणाला होता. "जित्याच्या बाईला सकाळी अडलं तर रोह्याची बाई दुपारी सांगेल."

'आणि रोह्याच्या बाईचं काय जळलं ते दुपारपर्यंत जित्याला कळेल,' हे दीनाच्या मनात आलं होतं. ती हसली मात्र होती. नाही कसं म्हणायचं? केंद्रप्रमुख शेजारीच उभे होते.

पाठ झाला. टाळ्या झाल्या. केंद्रप्रमुखांनी "असे हात वर झाले पाहिजेत!" असं म्हणून बाकीच्यांना टोमणा मारला. कॅमेरा मात्र शिक्षकांच्या बाजूला नव्हता. तो फळ्याच्या कडेला, पोरांच्या तोंडासमोर उभा होता, हे दीनाच्या ध्यानात आलं ते घरी येऊन कणीक मळताना. मळता मळता ती थांबली. पाहुणे मागच्या बाजूला बसतात, त्यांना पाठमोऱ्या पोरांचे नुसते हात दिसतात. कॅमेऱ्याला सगळं दिसलं असणार. आणि कॅमेऱ्यात दिसलेलं पुन्हा पुन्हा दिसतं, थांबवून दिसतं.

कॅसेटबरोबर दिनानाथ सरांची चिठ्ठी होती. "बाई, आधी तुम्ही पाहा. तुमची हरकत नसेल तरच शुक्रवारी पेणला दाखवू. हरकत असेल तर कॅसेट तुमच्याकडेच ठेवा, मी परत मागणार नाही. शुक्रवारी दोन्ही तालुक्यांचे विस्तार अधिकारीही येणार आहेत."

शेवटचं वाक्य तिने चार वेळा वाचलं.

*

मंगळवारी ती शाळेत गेली. पाढ्यांचा तास होता. "सात आठे?" तिने विचारलं, आणि एकतीस हात सर्रकन वर गेले. रोज जात होते तसेच. पण आज ते हात तिला वर्गातले वाटेनात. कुणीतरी मागून बघतंय असं वाटून तिने दोनदा दाराकडे पाहिलं. दारात एक कोंबडी होती.

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापक काळुराम गुरुजी डबा घेऊन शेजारी बसले. "काय मग हिरॉईन? शुक्रवारी पेणला पिक्चर लागणार म्हणे तुमचा."

"गुरुजी, थट्टा नको."

"थट्टा नाय करत, बाई." त्यांनी आवाज खाली आणला. "तुम्ही काय करता ते मला म्हायत हाय. मी काय करतो ते तुम्हाला म्हायत हाय. सगळ्या केंद्रात हेच चालतं. पन टिपले गेले ते तुमचे हात. साहेबांनी विचारलं, बाई हे डावं-उजवं काय, तर काय सांगाल?"

दीनाने डब्याचं झाकण लावलं.

"घाटाखाली, डोंगराच्या पार टोकाला शाळा हायेत. तिथं जायला कोन मागत नाय. अशा वेळी मानसं धाडतात तिथं." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "आनि तुम्ही एकट्या नाय बुडनार. उद्या माझ्या वर्गातपन येऊन बघतील. कॅसेट खराब झाली म्हना. उंदरानं कुरतडली म्हना."

"कॅसेट उंदीर कुरतडतो?"

"आमच्या शाळेतला सगळं कुरतडतो. हजेरीपट पन खाल्लान मागं, आठवतंय ना?"

ते हसले. दीनाला हसू आलं नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी डोंगराच्या टोकाला बदली. सासूला पहाटे औषध कोण देणार, सायमनच्या शिफ्टचा डबा कोण करणार, शीराला एकटी कशी टाकायची. त्या रात्री भाकरी थापताना तिला पहिल्यांदाच दुसरी एक भीती शिवून गेली, बदलीहून लहान दिसणारी आणि जास्त खोल. ही डाव्या-उजव्याची युक्ती काढून घेतली, तर मला शिकवता येतं का?

तिने ती भाकरी तव्यावर टाकली आणि तो विचार झटकला. भाकरी करपली.

*

बुधवारी दुपारी घरात सासूशिवाय कुणी नव्हतं. दीनाने दार लावून घेतलं, पडदा ओढला आणि कॅसेट आत ढकलली. 

पडद्यावर ती स्वतः आली. आपला आवाज इतका चिरका आहे हे तिला ठाऊक नव्हतं. हातात बर्फाच्या कारखान्यातून थर्मासमध्ये नेलेला बर्फ. "मुलांनो, हे काय आहे?" एकतीस हात. आणि समोरून, अगदी स्पष्ट, डावे किती आणि उजवे किती ते कुणीही मोजावं. "बाई मी, बाई मी" करत डावे हात उजव्यांपेक्षा जोरात हलत होते, कारण तसंच शिकवलं होतं. दीनाने तोंडावर पदर घेतला. चाळीस शिक्षक हे बघतील. अधिकारी बघतील.

"ती पोर कोन गो?" नाओमी वाल सोडून टीव्हीजवळ सरकली होती. तिला जवळून बरं दिसायचं.

"कोणती?"

"ती, दोन येन्यांची. सारखी हात वर करते. तिला का नाय विचारीत?"

"ती सरू. ती डावा हात करते, आई. म्हणजे तिला येत नाही."

"कोन म्हनतं?"

"आमचं तसं ठरलेलं आहे."

"तुमचं ठरलेलं हाय. तिचं तोंड बघ."

पडद्यावरची दीना विचारत होती, "ओले कपडे वाळतात, तेव्हा पाणी कुठे जातं?" नाथाचा उजवा हात. तिने नाथाला उठवलं. "पाण्याची वाफ होऊन ती हवेत मिसळते," नाथाने घडाघडा म्हटलं. पण त्याने तोंड उघडण्याआधीच दुसऱ्या रांगेतल्या सरूचे ओठ हलत होते. हलून थांबले होते. तिचा डावा हात अजून वर होता.

"मागं घे," नाओमी म्हणाली.

दीनाने मागे घेतलं. पाठाच्या सुरुवातीला सगळी पोरं पाटीवर नाव लिहीत होती. सरू पाटी तिरकी धरून डाव्या हाताने लिहीत होती.

"डावखुरी हाय ती," नाओमी वालाकडे परत वळत म्हणाली. "माझा आरोन तसाच व्हता. मास्तरनं हातावर छड्या मारल्या तरी हात तोच पुढं यायचा. तुला आरोनचं म्हायत हाय ना?"

दीनाला माहीत होतं. जेवताना दीर डाव्या हाताने घास घ्यायचा म्हणून पाहुणे नाक मुरडायचे, ते तिने स्वतः पाहिलं होतं. आणि सरू दोन वर्षं तिच्या वर्गात होती. दुसरीत आणि आता तिसरीत. दोन वर्षं ती पोर रोज हात वर करत होती, आणि दीनाने तिला एकदाही उठवलं नव्हतं. प्रगतिपुस्तकात तिच्या स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, 'वर्गात उत्तरे देत नाही.'

कॅसेट पुढे चालूच राहिली. सरूचा हात पस्तीस मिनिटं वर-खाली होत राहिला. तो हात थांबला, तर बरं होईल असं दीनाला वाटत होतं. तो थांबला नाही.

*

गुरुवारी तिने वर्गात गेल्यावर फळ्यावर काही लिहिलं नाही. टाचणाची वही उघडली नाही. खुर्चीत बसली आणि उभी राहिली. 

"सरू, ऊठ."

सरू उठली नाही. ती शेजारणीकडे बघायला लागली, की बाईंनी बहुतेक दुसऱ्या कुणाला हाक मारली.

"तूच. ओले कपडे वाळतात तेव्हा पाणी कुठं जातं?"

वर्गात पाच-सहा उजवे हात आपोआप वर आले. सरू उभी राहून पाटीची कड चाचपत होती. दीनाला वाटलं, ही बोलणारच नाही, आणि क्षणभर तिला सुटल्यासारखं झालं. आपलं तेच खरं होतं म्हणायला मोकळी. मग सरू म्हणाली, "वर जातं, बाई. आमी उन्हाळ्यात पेनकडं मिठागरावर जातो ना, तिथं कोंडीत पानी भरतात. मंग ते उन्हानं वर जातं. पन मीठ नाय जात. मीठ हितंच ऱ्हातं. मीठ का नाय जात, बाई?"

हे उत्तर बसवलेलं नव्हतं, आणि हा प्रश्न तर नव्हताच नव्हता. नाथाच्या उत्तरानंतर ठरलेला प्रश्न दुसरा होता.  चोवीस वर्षांत पहिल्यांदा एका पोरीने तिला खरोखर काही विचारलं होतं, आणि आता काय बोलायचं ते तिला सुचत नव्हतं. परवा रात्रीची ती दुसरी भीती समोर येऊन उभी राहिली, दोन वेण्या घालून.

"बस," ती म्हणाली. मग म्हणाली, "सरू, तू डावा हात का करतेस गो?"

"मला येतं म्हनून."

"आणि येत नसेल तेव्हा?"

"तेवा नाय करत."

दीनाने खिडकीचा गज धरला. एकतीस पोरांतली चौदा रोज डावा हात वर करत होती. त्या चौदांतलं एक सापडलं होतं, तेही टीव्हीवर, तेही सासूला. बाकीच्या तेरांना काय येतं? तिला माहीत नव्हतं. येत नसेल, तर त्यांना ते कसं यावं यासाठी तिने आजवर काय केलं होतं? तर 'येत नाही' हे लपवायला शिकवलं होतं, हात जोरात हलवून.

संध्याकाळी घरी येताना तिने शीराच्या क्लासवरून दिनानाथ सरांच्या मागच्या बैठकीचा छापील कागद घेतला. आतापर्यंत असे तीन कागद घरात आले होते आणि तिने ते डब्यांखाली अंथरले होते. हा तिने जीपमध्ये वाचला. पहिला पाठ दिनानाथ सरांनी स्वतःचाच दाखवला होता. खाली त्यांनीच लिहिलं होतं, "पस्तीस मिनिटांपैकी सत्तावीस मिनिटे मी एकटाच बोललो. मुलांना बोलते कसे करावे ते मला येत नाही. कुणाला येत असल्यास सांगावे." त्याखाली सहा शिक्षकांची नावं होती. वडखळकडच्या शांतीबाई पाटील म्हणत होत्या, आपण एक प्रश्न विचारून मनात दहापर्यंत आकडे मोजतो, तोवर कुणालाच उठवत नाही, मग मागची पोरंही बोलू लागतात. आणखी एकाने लिहिलं होतं, मलाही येत नाही, पण बरं वाटलं वाचून.

'येत नाही' असं एका शिक्षकाने छापून वाटलं होतं. अधिकाऱ्यांच्या नजरेखालून ते गेलं असणार.  त्याचं पुढे काय झालं, ते कागदावर नव्हतं.

*

जेवणं चालली होती. डाव्या-उजव्याचं आणि काळुराम गुरुजींचं सगळं दीनाने ताटं वाढतानाच सांगून टाकलं होतं. सायमनची उद्या सुट्टी होती, म्हणून तो खुशीत होता. "सुटला प्रश्न," त्याने वाटीतलं बिरडं भाकरीला लावत सांगितलं. "शीरा म्हणते, पोरांचे हात दिसतात तेवढाच तुकडा पुसता येतो. वर क्रिकेट भरायचं. साहेबांनी विचारलं तर म्हनावं, मधेच मॅच लागली."

"पप्पा, मी असं नाय म्हणाले. तुकडा पुसता येतो एवढंच म्हणाले."

"तेच की."

"तेच नाय." शीराने आईकडे पाहिलं. "मम्मी, नको असेल तर नको पाठवू. सर म्हणालेत ना, परत मागणार नाय. कुणाला कळणारपण नाय."

"नोकरी ऱ्हायली पायजे," सायमन आता हसत नव्हता. "दीना, मी साधं सांगतो. गुरुजी बरोबर बोलले. अजून अकरा वर्षं हायेत तुझी. आनि ह्या वयात तुला कुठं टाकलं डोंगरात, तर आईचं कोन करनार? एका कॅसेटीपायी?"

"माझं नाव घेऊ नको," नाओमी म्हणाली. "मला वाढ."

दीनाने सासूला वाढलं. थोडं बिरडं ताटाबाहेर पडलं. ते तिने बोटाने निपटून घेतलं. बदली होईल. कदाचित होईल. कारणे दाखवा अशी नोटीस येईल, काळुराम गुरुजी बोलायचे बंद होतील, केंद्रातल्या बायका तोंडावर हसतील. हे सगळं तिने दिवसभरात इतक्या वेळा मनात घोळवलं होतं की ते घडून गेल्यासारखंच वाटत होतं. आणि शनिवारी सकाळी वर्गात जायचं होतं. तिथे सरू विचारणार होती, मीठ का नाय जात.

"भात घालू का?" तिने सायमनला विचारलं.

"विषय बदलू नको."

"बदलत नाही." तिने त्याच्या ताटात भात घातला, वर आमटी घातली, आणि पातेलं खाली ठेवलं. "उद्या मी पेणला जाते. कॅसेट घेऊन. तो तुकडा आला की मीच थांबवणार, आणि डावं काय, उजवं काय, ते मीच सांगणार. मग त्यांना विचारणार, की आता मी वर्गात प्रश्न कसे विचारू. गाडी चुकली तर यायला अंधार पडेल. शुक्रवारचा शब्बाथचा दिवा उद्या शीराने लावायचा, वाती मी करून ठेवते."